टॉवरची भीती आणि टॉवरची प्रतीक्षा : बिनतारी जाळ्याच्या विस्ताराविषयीच्या आरोग्यशंकांचा इतिहास

सारांश

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे आरोग्यास अपाय होतो काय, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रात वारंवार विचारला गेला. मुंबईतील उच्चभ्रू वस्त्यांपासून सांगली जिल्ह्यातील ग्रामपंचायतीपर्यंत या प्रश्नाने अनेक रूपे घेतली. प्रस्तुत लेखात या शंकेचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा, तिच्याशी निगडित ‘विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता’ या आजाराची घडण तपासण्याचा, आणि गोंदिया जिल्ह्यातील देवरीसारख्या सीमावर्ती तालुक्यातून हा सर्व इतिहास कसा दिसतो हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. भीतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी विश्वासाचा आणि संमतीचा इतिहास असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : विद्युतचुंबकीय लहरी, अतिसंवेदनशीलता, भ्रमणध्वनी मनोरा, सावधगिरीचे तत्त्व, देवरी.

प्रस्तावना

ग्रामीण विदर्भात ‘टॉवर नाही’ हे वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडते. या वाक्याचा अर्थ गावात लोखंडी मनोरा नाही असा नसून भ्रमणध्वनीला संदेश पकडता येत नाही असा आहे. मनोरा आणि त्यातून येणारी अदृश्य लहर या दोहोंना लोकभाषेने एकच शब्द दिला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मात्र हाच शब्द निराळ्या सुरात उच्चारला गेला. तेथे ‘समोरच्या गच्चीवर टॉवर आहे’ हे वाक्य तक्रारीचे आहे. एकाच राज्यात, एकाच कालखंडात, एकाच वस्तूचा अभाव ही एका ठिकाणची तक्रार आणि तिचे अस्तित्व ही दुसऱ्या ठिकाणची तक्रार असावी, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

विज्ञान शाखेचे अभ्यासक या प्रश्नाकडे ‘अपाय होतो की नाही’ अशा दृष्टीने पाहतात व ते योग्यच आहे. तथापि लोकांना भीती केव्हा वाटू लागली, कोणाला वाटली, तिला कोणते शब्द मिळाले आणि शासनाने तिला कसे उत्तर दिले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतात. त्यांचा विचार केल्याशिवाय आजची परिस्थितीही नीट समजणार नाही.

लहरींचे आगमन

बिनतारी लहरींचा भारतातील इतिहास भ्रमणध्वनीपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युतलहरींच्या साहाय्याने दूरवर घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. बोस यांनी आपल्या प्रयोगांत मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या होत्या. पाचव्या पिढीच्या दूरसंचारासाठी राखून ठेवलेल्या सर्वांत वरच्या लहरपट्ट्यांचे गोत्र तेच आहे. ‘ही लहर निसर्गात नव्हती, ती काल-परवा जन्मली’ असे जे म्हटले जाते, त्याच्या पार्श्वभूमीवर ही नोंद महत्त्वाची ठरते. मात्र प्रयोगशाळेतील लहर आणि चोवीस तास घराभोवती असणारी लहर यांत फरक आहे, हेही मान्य करावयास हवे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे आकाशवाणी आणि दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे राज्यभर उभी राहिली. या केंद्रांच्या प्रक्षेपकांची शक्ती भ्रमणध्वनीच्या एका मनोऱ्याच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक असते. तरीही नभोवाणीच्या मनोऱ्याविरुद्ध महाराष्ट्रात आरोग्याच्या कारणावरून मोठे आंदोलन झाल्याचे दिसत नाही. याची काही कारणे संभवतात. ती केंद्रे संख्येने अल्प व वस्तीपासून दूर होती. ती सार्वजनिक मालकीची होती. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी कोणाच्या शेजाऱ्याला गच्चीचे भाडे मिळत नव्हते.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यातील संभाषणाने देशात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ झाला. त्याच सुमारास मुंबईतही ही सेवा सुरू झाली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर दर उतरले आणि ग्राहक वाढले. ग्राहक वाढले म्हणजे मनोरे वाढणे क्रमप्राप्तच होते. एका मनोऱ्याला एका वेळी ठरावीक संख्येनेच संभाषणे हाताळता येतात. त्यामुळे दाट वस्तीत मनोरे जवळजवळ आणि विरळ वस्तीत दूरदूर उभारले जातात. ही तांत्रिक बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एका आजाराची घडण

विद्युतचुंबकीय लहरींमुळे डोकेदुखी, निद्रानाश, थकवा, त्वचेची आग, एकाग्रतेचा अभाव अशी लक्षणे उद्भवतात, अशी तक्रार करणाऱ्या व्यक्ती जगातील अनेक देशांत आहेत. या तक्रारींचा इतिहास भ्रमणध्वनीच्या पूर्वीपासून सुरू होतो. १९५० नंतरच्या काळात सोव्हिएत रशियातील वैद्यकीय लेखनात रडार व तत्सम यंत्रांवर काम करणाऱ्या कामगारांच्या थकवा व अस्वस्थतेची वर्णने आढळतात. १९७९ साली अमेरिकेत वर्थायमर आणि लीपर यांनी डेनव्हर येथील विद्युतवाहिन्या व बालकांमधील कर्करोग यांच्या संबंधाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि घराजवळून जाणारी तार हा चिंतेचा विषय झाला. १९८० च्या दशकात स्वीडन व नॉर्वे येथे संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी मांडल्या. यातूनच ‘विद्युत अतिसंवेदनशीलता’ ही संज्ञा रूढ झाली.

या तक्रारींना समाजाच्या सर्वोच्च स्तरावरूनही आवाज मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांनी २००२ साली भ्रमणध्वनीमुळे आपल्याला डोकेदुखी होत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. स्वतः वैद्यक शाखेच्या पदवीधर असलेल्या व्यक्तीचे हे कथन असल्यामुळे त्याची चर्चा होणे स्वाभाविक होते. अशी संवेदनशीलता स्वतःत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत स्वीडनमध्ये सुमारे १.५ टक्के, कॅलिफोर्नियात सुमारे ३.२ टक्के आणि स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ५ टक्के आढळले.

या दाव्याची कसोटी घेण्याचा मार्ग विज्ञानाजवळ होता. व्यक्तीला लहरींच्या सान्निध्यात ठेवायचे, परंतु यंत्र चालू आहे की बंद हे तिलाही आणि प्रयोगकर्त्यालाही कळू द्यायचे नाही. २००५ साली रुबिन, दास मुन्शी आणि वेस्ली यांनी अशा ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत ७२५ व्यक्ती सहभागी होत्या. २०१० मधील पुढील आढाव्यात प्रयोगांची संख्या ४६ आणि व्यक्तींची संख्या १,१७५ झाली. यंत्र चालू आहे की बंद हे संवेदनशील व्यक्तींना अन्य व्यक्तींपेक्षा अधिक अचूकपणे ओळखता येते, असा भक्कम पुरावा या आढाव्यांतून मिळाला नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झालेला व २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. यंत्र चालू असल्याचे उघडपणे सांगितले असता संवेदनशील व्यक्तींनी प्रकृती बिघडल्याची नोंद केली. सांगितले नाही तेव्हा मात्र लक्षणांचा यंत्राशी संबंध राहिला नाही.

यावरून या व्यक्ती खोटे बोलत होत्या असा निष्कर्ष काढणे ही गंभीर चूक ठरेल. बंद यंत्रासमोरही त्यांचे डोके खरोखरच दुखत होते. अपायाच्या अपेक्षेने शरीरात खरी पीडा उत्पन्न होते, ही बाब वैद्यकशास्त्राला परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्राग येथे २००४ साली घेतलेल्या परिषदेनंतर डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रकात हीच दुहेरी भूमिका घेतली. लक्षणे खरी आहेत व काही वेळा ती माणसाला असमर्थ करणारी असतात. तथापि त्यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्राशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. स्वीडनमध्ये या अवस्थेला रोग न मानता कार्यक्षमतेतील बाधा मानून साहाय्य देण्याची भूमिका स्वीकारण्यात आली. कारणाबाबत मतभेद असूनही पीडिताची अवहेलना न करण्याचा हा मार्ग उल्लेखनीय आहे.

मुंबईतील वाद आणि भारतीय मर्यादा

भारतात हा प्रश्न प्रामुख्याने कर्करोगाच्या भीतीच्या रूपाने आला. २०१० च्या सुमारास दक्षिण मुंबईतील कारमायकेल रोडवरील एका उंच इमारतीत कर्करोगाचे काही रुग्ण आढळले आणि समोरच्या इमारतीवरील अँटेनांकडे बोट दाखविले गेले. मलबार हिल येथील सह्याद्री या शासकीय अतिथिगृहावरील अँटेनांविषयी अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठविला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागास अहवाल सादर केला. देशाने स्वीकारलेली मर्यादा ऊतींच्या अल्पकालीन तापण्याच्या परिणामावर आधारलेली असून दीर्घकालीन सान्निध्यासाठी ती अपुरी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे मर्यादांचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अनायनीकारक प्रारणापासून संरक्षणासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारताने ती २००८ साली स्वीकारली. म्हणजेच सेवा सुरू झाल्यानंतर तब्बल तेरा वर्षे मनोऱ्यांसाठी ही बंधनकारक मर्यादा देशात नव्हती. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्र शासनाने आंतरमंत्रालयीन समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. ९०० मेगाहर्ट्झसाठी जी मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती, ती ०.४५ वॅटवर आली. १८०० मेगाहर्ट्झसाठी ती ९ वॅटवरून ०.९ वॅट झाली. हातातील संचासाठी दर किलोग्रॅम ऊतीस १.६ वॅट ही मर्यादा ठरली.

ही कपात कोणत्या नव्या शोधामुळे झाली? वस्तुतः असा निर्णायक शोध लागलेला नव्हता. लोकांमधील अस्वस्थता, माध्यमांतील चर्चा आणि सावधगिरीचे तत्त्व यांचा तो एकत्रित परिणाम होता. येथे एक विरोधाभास दिसून येतो. मर्यादा कडक केल्याने भीती शमेल अशी अपेक्षा होती. परंतु ‘पूर्वीची मर्यादा दहापट सैल होती, मग तोपर्यंत आम्ही काय सोसले?’ असा नवा प्रश्न त्यातून निर्माण झाला. सावधगिरीचा निर्णय कारणांसह समजावून सांगितला नाही, तर तो अपराधाच्या कबुलीसारखा वाचला जातो.

याच काळात पक्ष्यांचा प्रश्नही पुढे आला. मनोऱ्यांचा पक्षी, मधमाश्या व अन्य जीवांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली समिती नेमली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन संचालक असद रहमानी हे तिचे अध्यक्ष होते. चिमणी दिसेनाशी होणे आणि मनोरे दिसू लागणे या दोन घटना एकाच काळात घडल्यामुळे लोकमानसात त्यांची सांगड पक्की बसली. घरांची बदललेली रचना, कीटकनाशके, अंगणात पाखडल्या जाणाऱ्या धान्याचे घटलेले प्रमाण ही कारणे तितकीच विचारार्ह असली तरी ती मनोऱ्याप्रमाणे एका दृष्टिक्षेपात डोळ्यांत भरत नाहीत.

शब्दांनी केलेला गोंधळ

या वादात मराठी भाषेच्या वाट्याला आलेली भूमिका विशेष लक्षणीय आहे. इंग्रजीतील ‘रेडिएशन’ या एका शब्दासाठी मराठीत ‘प्रारण’ हा व्यापक शास्त्रीय शब्द आहे, आणि अणूच्या विघटनातून होणाऱ्या उत्सर्जनाशी ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द जोडला गेला आहे. वृत्तपत्रांनी मात्र मनोऱ्यांच्या संदर्भात ‘किरणोत्सर्ग’ हाच शब्द सर्रास वापरला. परिणामी हिरोशिमा आणि चेर्नोबिल यांची स्मृती वाहून आणणारा शब्द गच्चीवरील अँटेनाला चिकटला. क्ष-किरण व गॅमा किरण यांच्या अंगी अणूतील इलेक्ट्रॉन उखडून टाकण्याची ऊर्जा असते. भ्रमणध्वनीच्या लहरींच्या अंगी ती नसते. हा मूलभूत भेद एका शब्दाच्या निवडीने पुसला गेला.

दुसरे उदाहरण ‘संभाव्य’ या शब्दाचे. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींचा समावेश ‘२ ब’ या गटात केला. पुरावा मर्यादित आहे, परंतु शक्यता नाकारता येत नाही, असा या गटाचा आशय आहे. त्याच्या वरच्या ‘२ अ’ गटात शक्यता बळकट मानली जाते. मराठीत दोन्हींसाठी ‘संभाव्य’ हाच शब्द वापरला गेला आणि बातमीच्या मथळ्यात तोही गळून पडला. ‘मोबाइलमुळे कर्करोग’ एवढेच वाचकाच्या लक्षात राहिले.

त्यानंतरच्या संशोधनाचाही उल्लेख करणे उचित ठरेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तीव्र मात्रेच्या सान्निध्यात ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात अर्बुदे आढळल्याचे नमूद केले. दुसऱ्या बाजूस, जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात माणसांवरील ६३ अभ्यास तपासले असता भ्रमणध्वनीचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. उपलब्ध पुराव्याचा कल आश्वासक आहे. मात्र ‘अपायाचा पुरावा आढळला नाही’ आणि ‘अपाय अशक्य आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत, हे अध्यापकाने वर्गात स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

न्यायालयांच्या दारात

भीतीला शास्त्रज्ञांकडून समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा ती न्यायालयांकडे वळली. न्यायालयांची उत्तरेही एकसारखी नव्हती. राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये शाळा व रुग्णालयांच्या परिसरातील मनोरे हटविण्याचा आदेश दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर येथील एका कर्करुग्ण घरकामगाराच्या अर्जावर शेजारच्या घरावरील मनोरा सात दिवसांत बंद करण्यास सांगितले. याउलट २०२१ साली जुही चावला यांनी पाचव्या पिढीच्या सेवेविरुद्ध दाखल केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून रोजी फेटाळला व वीस लाख रुपयांचा खर्च लादला. ही रक्कम जानेवारी २०२२ मध्ये दोन लाख रुपयांवर आणण्यात आली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीचे प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे. गावात उभारल्या जाणाऱ्या मनोऱ्याला आरोग्याच्या कारणास्तव विरोध करणारा ठराव या ग्रामपंचायतीने केला होता. मनोऱ्याच्या प्रारणामुळे आरोग्यास अपाय होतो याला शास्त्रीय आधार नाही, असे नमूद करून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या सुमारास तो ठराव रद्द ठरविला. शास्त्रीय कसोटीवर हा निर्णय समर्थनीय आहे. तरीही गावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गावाला कोणी द्यावयाचे होते, हा मुद्दा शिल्लक राहतो. ठराव रद्द केल्याने ठरावामागील अस्वस्थता आपोआप रद्द होत नाही.

शासनाने या दिशेने एक पाऊल टाकले होते. मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू करण्यात आले. आपल्या परिसरातील मनोऱ्यांची माहिती पाहण्याची आणि चार हजार रुपये शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी करवून घेण्याची सोय त्यावर ठेवण्यात आली. कल्पना स्तुत्य होती. परंतु ज्या गावात टॉवरच नाही त्या गावाने ते संकेतस्थळ पाहायचे कसे, आणि ज्या कुटुंबाचा हंगाम धानाच्या एका पिकावर व तेंदूपत्त्याच्या मजुरीवर चालतो त्याने चार हजार रुपये आणायचे कोठून, हे प्रश्न अनुत्तरितच राहिले.

देवरीतून दिसणारे चित्र

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. देवरी हा त्याचा पूर्वेकडील, छत्तीसगडला लागून असलेला तालुका आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग देवरीतून जातो. महामार्गालगत दूरसंचाराची सोय लवकर झाली. आत जंगलपट्ट्यात शिरताच परिस्थिती पालटते. गोंड, हलबा आदी समाजांची विरळ वस्ती, डोंगर आणि दाट झाडी यांमुळे मनोरा उभारणे कंपन्यांना फायद्याचे नव्हते. जिल्हा दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून गणला गेला. या संपूर्ण मध्य भारतीय पट्ट्यात माओवाद्यांनी मनोरे जाळण्याच्या घटना घडल्या, कारण मनोरा म्हणजे पोलिसांपर्यंत पोचणारी खबर अशी त्यांची समजूत होती. म्हणजे येथेही टॉवरची भीती होती, फक्त ती शरीराच्या अपायाची नव्हती. मनोऱ्याजवळ राहणाऱ्या गावकऱ्याला लहरीपेक्षा रात्री येणाऱ्या माणसांची धास्ती अधिक होती.

नक्षलग्रस्त भागांतील मनोऱ्यांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २० ऑगस्ट २०१४ रोजी मान्यता दिली. दहा राज्यांतील सुमारे २,२०० ठिकाणांसाठी असलेल्या या योजनेत महाराष्ट्राचाही समावेश होता. पुढे २,३४३ मनोऱ्यांच्या श्रेणीवाढीस एप्रिल २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये जाळ्याबाहेर राहिलेल्या २४,६८० खेड्यांसाठी वेगळी योजना मंजूर झाली. मुंबईत मनोरे नकोत म्हणून तक्रार करणाऱ्यांची पिढी आणि सेवेची पहिली प्रतीक्षा करणाऱ्या खेड्यांची पिढी ही अशी समकालीन आहे. २०२० च्या टाळेबंदीत जेव्हा शिक्षण पडद्यावर आले, तेव्हा टेकडीवर, झाडावर, महामार्गाच्या कडेला लहर शोधत बसलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. आदिवासी भागात अध्यापन करणाऱ्यांना त्यासाठी छायाचित्राची गरज नव्हती.

भौतिकशास्त्राचा एक साधा नियम येथे इतिहासाच्या मदतीला येतो. हातातील संच मनोऱ्यापासून जितका दूर, तितकी अधिक शक्ती त्याला संदेश पाठविताना वापरावी लागते. लहर क्षीण असेल तेथे संच आपल्या कमाल क्षमतेने प्रक्षेपण करतो, आणि तो तर कानाला लावलेला असतो. दूरच्या मनोऱ्यापेक्षा कानाजवळच्या संचापासून डोक्याला मिळणारी मात्रा सामान्यतः अधिक असते. म्हणजे मनोरे कमी असलेल्या भागातील वापरकर्त्याला स्वतःच्या संचाकडून होणारे सान्निध्य शहरी वापरकर्त्यापेक्षा अधिक असण्याची शक्यता आहे. ज्याला लहरींची चिंता वाटते त्याने मनोरा दूर हाकलण्याची मागणी करणे हे बऱ्याचदा स्वतःच्याच हेतूविरुद्ध जाते. हा मुद्दा शहरातील आंदोलनांत क्वचितच चर्चिला गेला आणि खेड्यांना तो कोणी सांगितलाच नाही.

महाराष्ट्रातच लहरींपासून मुक्ततेची शास्त्रीय गरज असलेले एक ठिकाण आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या साहाय्याने अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपते. भोवतालच्या मानवनिर्मित लहरी हा तिच्या कामातील अडथळा आहे. अमेरिकेत ग्रीन बँक येथील अशाच दुर्बिणीभोवती १९५८ साली शांत क्षेत्र निर्माण करण्यात आले. पुढे अतिसंवेदनशीलतेने पीडित काही व्यक्ती तेथे येऊन राहिल्या. देवरी तालुक्याच्या आतल्या पट्ट्याला मात्र ही शांतता कोणी मागून मिळाली नव्हती. ती उपेक्षेतून आली होती.

प्लेगच्या काळाचा धडा

अदृश्य संकटाची भीती महाराष्ट्राला नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या काळी जंतू हा लोकांना अदृश्य व अपरिचित होता. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली पुण्यात घरझडत्या झाल्या, माणसे विलग केली गेली आणि त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाली. हाफकिन यांची लस उपयुक्त होती, तरीही तिच्याविषयी अफवा पसरल्या. लोकांचा विरोध शास्त्राला होता की शास्त्राच्या नावाने होणाऱ्या सक्तीला, हा भेद त्या वेळच्या प्रशासनाने केला नाही.

प्लेग आणि मनोरा यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. प्लेगने माणसे मरत होती. तेथे संकट खरे होते आणि उपायाविषयी शंका होती. येथे सेवा हवीशी आहे आणि संकटाविषयी शंका आहे. साम्य आहे ते निर्णयाच्या पद्धतीत. न विचारता घेतलेला निर्णय, समजेल अशा भाषेत न दिलेली माहिती आणि शंका विचारणाऱ्यास अडाणी ठरविण्याची वृत्ती, यांतून दोन्ही काळांत अफवेला जागा मिळाली. २०२१ च्या करोना लाटेत पाचव्या पिढीच्या चाचण्यांमुळे माणसे मरत असल्याची अफवा उत्तर भारतात पसरली व काही ठिकाणी मनोऱ्यांची नासधूस झाली. मे २०२१ मध्ये दूरसंचार विभागास खुलासा करावा लागला. अफवा खोडून काढणारा खुलासा नेहमी अफवेच्या मागून येतो, हा सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

संमतीचा मार्ग आपल्या कायद्यात अजिबात नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्याप्रमाणेच वीज व दूरसंचार वाहिन्यांसाठीही एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद केली आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक मानली. देवरीसारख्या वनव्याप्त तालुक्यात ग्रामसभा ही म्हणूनच माहिती देण्याची आणि शंका ऐकून घेण्याची स्वाभाविक जागा आहे. लहरीची मात्रा किती, मर्यादा किती, मोजणी कोण करणार, संच कानापासून दूर का धरावा, या गोष्टी तेथे मराठीत, गोंडीत आणि छत्तीसगढीत सांगता येतील. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलतेने पीडित व्यक्तींची लक्षणे खरी आहेत, परंतु लहरी हे त्यांचे कारण असल्याचे नियंत्रित प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. पीडिताला खोटा न ठरवता उपचार व आधार देणे हे वैद्यकाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. दुसरी, २०१२ ची कडक भारतीय मर्यादा ही लोकांच्या अस्वस्थतेने घडविलेल्या सार्वजनिक धोरणाचे उदाहरण आहे. तिसरी, ‘किरणोत्सर्ग’ व ‘संभाव्य’ यांसारख्या शब्दांच्या सैल वापराने भीतीला खतपाणी घातले. परिभाषेची शिस्त ही केवळ भाषातज्ज्ञांची चिंता नसून सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे. चौथी, भीतीचे वाटप विषम आहे. जेथे मनोरे दाट आहेत तेथे अपायाची भीती वाढली, आणि जेथे ते विरळ होते तेथे उपेक्षेचे दुःख वाढले.

देवरीच्या आतल्या पट्ट्यात आता मनोरे उभे राहत आहेत. आज ज्याची वाट पाहिली जाते त्याच्याविषयी उद्या शंका विचारली जाईल, हे इतिहास पाहता संभवनीय आहे. ती शंका विचारली जाईल तेव्हा उत्तर देणारा माणूस गावात असावा, एवढी तयारी आपण अध्यापकांनी आजपासून करणे गरजेचे आहे.